लग्नाच्या पानावर खीर आणि वडे

मुलीच्या सासरच्यांनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. लग्न पांढुर्ण्याला करा, तुमच्या पद्धतीने करा, भटजी तुमचे, मुहूर्त तुमचा. फक्त आमची पन्नास-साठ माणसं लांबून येतील, त्यांत म्हातारी आहेत, त्यांना दुपारचं जेवण आमच्याकडचं मिळालं तर बरं होईल. मुलगा तमिळ घरातला. तो आणि माझी मुलगी बंगळुरूला एकाच ऑफिसात. त्याच्या आईने हे फोनवर इतकं भीतभीत विचारलं की ते मला मराठीत सांगताना मुलगीच संकोचली.

मी म्हटलं, "त्यायच्याच लोकायले काहून? अख्ख्या मांडवाले तेच जेवण देऊ."

"आई, आपल्या लोकायले? सौंसरवाले काय खातीन ते?"

"नाही खाल्लं तं पाहतीन."

मुलगी म्हणाली, दोन वेगवेगळ्या पंगती ठेव, ज्याचं त्याला. शहाणपणाची गोष्ट होती. मी ऐकली नाही. समोरच्याने एक हात कापड मागितलं की आपण दोन हात द्यायचे, म्हणजे तो कायमचा दबून राहतो, हे मी धंद्यात शिकले होते. पण खरं सांगायचं तर मला विहीणबाईंना दाबायचं नव्हतं. मला सौंसरला दाखवायचं होतं.

सौंसर हे माझं सासर. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, आणि माझी जाऊ तिथे राहतात. संत्र्याचा बगीचा आहे, थोडा कापूस आहे. नवरा गेला तेव्हा मुलगी नववीत होती. मी पांढुर्ण्यातच राहिले. नागपूरच्या इतवारीतून साड्यांचा गठ्ठा आणायचा, बसने बोरगाव, तिगाव, जिथे उतरता येईल तिथे उतरायचं आणि ओट्याओट्यावर गठ्ठा सोडायचा. बायका भाव पाडून मागायच्या. मी साडी घडी करून उठायला लागायचे, तेव्हा त्या पुन्हा बसवायच्या. आज बाजारात माझं दुकान आहे. अजूनही कुणी फारच कमी भाव बोललं तर मी साडी हातातून काढून घेते. लोक म्हणतात बाईची जबान तिखट आहे. असू दे.

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा भासऱ्यांच्या मुलीचं लग्न निघालं. मी तीन दिवस आधी जाऊन राहिले. हळदीच्या सकाळी जावेने माझ्या हातात कोठीच्या खोलीची चावी दिली. साखर, तेल, बुंदीच्या लाडवांच्या परड्या, सगळं त्या खोलीत. म्हणाली, "तुह्यावरच भरोसा हाय मले." मी खोलीत बसले. हळद लागली, मी खोलीत. नवरदेव आला, मी खोलीत. मंगलाष्टकं मी भिंतीतून ऐकली. अक्षता टाकायला मला कुणी बोलावलं नाही, आणि विधवा बाईला का बोलावलं नाही हे विचारायचं नसतं. संध्याकाळी उभ्याउभ्या एक लाडू खाल्ला. ती चावी मी सात वर्षं मनात बाळगली.

म्हणून माझ्या मुलीच्या लग्नात बुंदी नको होती, मठ्ठा नको होता, सौंसरच्या लग्नात होतं त्यातलं काहीच नको होतं. केळीच्या पानावर अशी पंगत वाढायची की जावेला पदार्थांची नावंही विचारावी लागतील, असं मी ठरवलं.

स्वयंपाकी नागपूरचा मिळाला. त्याचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत तिकडून आले आणि इथेच राहिले. घरात तमिळ, बाहेर आमच्यासारखीच नागपुरी. दुकानातच गादीवर बसून त्याने कागदावर एकवीस पदार्थ लिहिले.

"कूटू म्हणजे काय?" मी विचारलं.

"डाळीतली भाजी, ताई."

"अन् पोरियल?"

"खोबरं टाकलेली भाजी."

"अन् हे अवियल?"

"त्यात दही-खोबरं, सगळ्या भाज्या."

"म्हणजे भाजी, भाजी अन् भाजी. तीन नावं लावून तीन भाव लावून राहिले काय?"

तो हसला. "ताई, तुम्ही साडीले साडीच म्हणता काय? पैठणी, इरकल, नारायणपेठ नाही म्हणत?"

माणूस मला आवडला, पण ते मी त्याला कळू दिलं नाही. एकवीसचे दहा केले. सांबारावर आलो तेव्हा मी सवयीने म्हटलं, "किती जुड्या?" आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. तो म्हणाला, "ताई, मी पण नागपूरचाच हाय, मले नका फसवू," आणि आम्ही दोघंही हसलो. त्या लग्नाच्या तयारीत मी मोकळेपणाने हसले ते तेवढंच.

शेवटी कागदावर राहिलं ते असं: सांबार, रसम, दोन भाज्या, लिंबूभात, पापड, कैरीचं लोणचं, दहीभात. आणि मेदूवडा आणि पायसम. या शेवटच्या दोन्हींवरही मी पेन ठेवला होता.

"हे नका काढू," तो म्हणाला. "वडा अन् पायसम नसन तं त्यायच्यात लग्नाचं जेवणच म्हणत नाही. बाकी काहीही काढा."

विहीणबाईंनीही मुलीकडून तेच सांगितलं. त्यांच्या सासूबाई, म्हणजे मुलाची आजी, पानावर आधी वडा पाहतात आणि मग हात लावतात. मी दोन्ही पदार्थांसमोर बरोबरची खूण केली.

आता लिहिताना मला माझंच नवल वाटतं. दरवर्षी पितृपक्षात माझ्या नवऱ्याच्या नावाचं पान सौंसरला वाढतात. मुलगा नाही म्हणून भासरेच सगळं करतात. मी आदल्या दिवशी बसने जाते. उडदाची डाळ पाट्यावर वाटते, ओल्या फडक्यावर वडा थापते, मध्ये बोटाने भोक पाडते आणि तेलात सोडते. शेजारी जाऊ तांदळाची खीर ढवळत असते. आमच्या घरात हे दोन पदार्थ एका पानावर फक्त त्याच दिवशी येतात. अकरा वर्षं मी माझ्या हाताने ते वडे तळले, आणि तेच कागदावर परक्या नावाने आले तेव्हा मला ओळखू आले नाहीत. मी भाव पाहत होते, आणि सौंसरकडे पाहत होते.

लग्नाला महिना राहिला तेव्हा मी चव पाहायला म्हणून भासरे आणि जावेला पांढुर्ण्याला बोलावलं. त्यांना बोलावायची गरज नव्हती. पण कन्यादान तेच दोघं करणार होते, आणि तोवर थांबायला मला धीर नव्हता. स्वयंपाकी नागपूरहून सकाळच्या गाडीने सगळं घेऊन आला. स्वयंपाक माझ्याच ओट्यावर झाला. दोन पाट मांडले, केळीची पानं धुऊन ठेवली.

इथे एक सांगायला हवं. भासऱ्यांशी थेट बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे बोलायचं ते जावेला बोलायचं. ते त्याच खोलीत बसलेले असतात, सगळं ऐकू येत असतं, तरी जाऊ ते पोचवते आणि त्यांचं उत्तरही तिच्याकडूनच येतं. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी त्यांच्याशी एक वाक्य सरळ बोलले नव्हते.

स्वयंपाक्याने त्याच्या रीतीने वाढायला सुरुवात केली. पानाच्या कोपऱ्यात मीठ. मग चमचाभर पायसम, कारण त्यांच्यात गोड आधी. मग वडा. भात यायचा होता, सांबार यायचं होतं. पानावर तेव्हा एवढंच होतं, खीर आणि वडा.

जावेने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अवं, हे काय हाय?"

"पायसम म्हणतात त्याले."

"खीर हाय हे. तांदळाची. अन् हा भोकाचा वडा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज कोणाचं पित्तर घालून राहिली तू?"

एका क्षणात मला ते पान दिसलं, जसं तिला दिसलं होतं. पण चूक कळली की मी आधी चढत्या आवाजात बोलते, ही माझी जुनी खोड.

"बाई, त्यायच्यात हे शुभ हाय. लग्नाचा मान हाय. अन् नागपूरच्या बसस्टँडवर तुम्ही दोघं सांबारवडा खाता, तवा नाही आठवत पित्तर?"

"हाटेलात बशीत खाणं वेगळं. पानावर खिरीच्या बाजूले ठेवणं वेगळं. तुले हे मी सांगू?"

भासरे पानावरच बसून होते. हात मांडीवर. ते भिंतीकडे पाहत जावेला म्हणाले, "तिले सांग, दरसाल ज्या भावाच्या नावानं मी हे पान ठेवतो, त्याच्याच पोरीच्या लग्नात ते पान माह्यापुढे आलं, तं माह्याच्यानं घास नाही गिळवणार."

त्यांचा आवाज जड झाला होता. ते आज आठवतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की माझ्या मुलीच्या लग्नातही हेच ठरवणार, आणि मी पुन्हा कोठीत.

मी पदर तसाच ठेवून सरळ त्यांच्या तोंडावर बोलले.

"त्यायच्या तेरवीले तं बराबर गिळला होता. दोनदा वडे मागून घेतले होते तुम्ही. मी दाराच्या आडून पाहत होती."

खोलीत स्वयंपाकी हातात भाताचं भांडं घेऊन तसाच उभा राहिला. जावेने तोंडावर हात ठेवला. भासरे उठले. पानाला हातही लावला नव्हता, तरी बाहेर जाऊन त्यांनी हात धुतले. चपला घालताना जावेला म्हणाले, "कन्यादानाले कोणी दुसरं पाहा म्हणाव." मग दोघं बसस्टँडकडे चालत गेली. मी थांबवायला गेले नाही. पानं काढली. स्वयंपाकी म्हणाला, "ताई, तुम्ही तरी जेवा." मी त्यालाच ओरडले, सांबारात मीठ कमी आहे म्हणून. मी चव घेतलीच नव्हती.

मुलीला फोनवर सांगितलं. मी बोललेलं वाक्य गाळून बाकी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग तूच कर ना कन्यादान. भटजी काही नाही म्हणत नाही आजकाल."

"करीन. मले काय कोणाची भीती हाय?"

मग ती म्हणाली, "मोठेबाबा नाही येणार म्हणजे?" आणि नंतर हळूच, "पाठमोरे असले की ते बाबांसारखे दिसतात ना, आई."

मला हे माहीत होतं. तीही पाहत असेल हे माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. जेवणाचं काय व्हायचं ते होवो, तो माणूस मांडवात उभा राहिला पाहिजे, एवढंच उरलं.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. आधी स्वयंपाक्याला विचारलं. तो म्हणाला, तांदळाऐवजी मुगाच्या डाळीचं गूळ घालून पायसम करतात, लग्नात तेही चालतं. वड्याला मात्र त्याच्याकडे पर्याय नव्हता. मग मुलीला मध्ये घेऊन विहीणबाईंना फोन लावला. सगळं खरं सांगितलं, की आमच्यात या दोन पदार्थांचं पान कुणासाठी वाढतात, आणि माझ्या घरी ते दरवर्षी कुणासाठी वाढतात.

पायसमाला त्या लगेच हो म्हणाल्या. वड्याला थांबल्या. माझा सगळा जन्म अशा थांबण्यात गेला आहे. समोरचा माणूस तोटा खाऊन हो म्हणणार असतो, तेव्हा तो किती वेळ थांबतो ते मला बरोबर कळतं. दुकानात असते तर मी तिथेच दोन पावलं मागे आले असते. मी गप्प राहिले. मुलगी म्हणाली, "त्या म्हणतात, नको वडा. तुमच्या घरची माणसं जेवली पाहिजेत."

एवढा कबुलीचा माल हातात घेऊन मी सौंसरला गेले. मला वाटलं, खीर गेली, वडा गेला, आता अडायला काय उरलं?

जाऊ अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही. मी ओट्यावर बसून एका दमात सगळं सांगितलं.

"मंग झालं तं," ती म्हणाली. "पण तुले काय वाटते, ते वड्यासाठी उठले?"

"अन् कायच्यासाठी?"

"तू बोलली ते." सूप थांबलं. "दोनदा वडे मागतले ते पाह्यलं तू. त्याच्या आधीचे तेरा दिवस पाह्यले काय? अग्नी त्यायनं देल्ला. तेरा दिवस एक वेळ, अन् तेही अळणी. जमिनीवर निजले. तू आतल्या खोलीत पडून होती, तुले कोणी सांगतलं नसन. तेराव्या दिवशी मिठाचं पहिलं जेवण होतं ते. भुकेचा माणूस वडा मागणार नाही तं काय मागन?"

हे मला माहीत नव्हतं. अग्नी त्यांनी दिला हे माहीत होतं, पण अग्नी देणाऱ्याचं पुढे काय असतं याचा मी कधी विचार केला नव्हता. माझी स्वतःची शुद्ध नव्हती. दाराच्या फटीतून दिसलेलं एक ताट मी उचलून ठेवलं, आणि अकरा वर्षांनी ते त्यांच्या तोंडावर मारलं.

पण मी अशी की हरताना रिकाम्या हाताने उठत नाही. म्हटलं, माझंही ऐकून घ्या. "बाई, तुमच्या पोरीच्या लग्नात तुम्ही मले कोठीची चावी देल्ली. हळदीपासून पाठवणीपर्यंत मी त्या खोलीत बसून होती. ते कोण सांगन मंग?"

जावेने मान वर केली. "कोणती चावी?"

"कोठीची. लाडवाच्या परड्या होत्या तिथं."

ती आठवत राहिली. नाटक करत नव्हती. बाईमाणसाचं खोटं मला गठ्ठा सोडायच्या आधी ओळखता येतं. "असन देल्ली," ती म्हणाली. "लग्नात कोणाकोणाले काय काय देल्लं, मले कसं आठवन? तू बाहेर काहून नाही आली मंग? चावी कमरेले लावायची अन् यायचं. मले वाटे, तुलेच नाही यायचं."

सात वर्षं मी जिच्याशी मनात भांडत होते, तिला भांडण झालं हेच माहीत नव्हतं. आणि तिचं म्हणणंही मला खोडता येईना. बाहेर ये असं कुणी म्हटलं नव्हतं. येऊ नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. तरीही माझ्या मनातलं खरंच आहे, हे मी आजही म्हणते. न बोलावणं हेही बोलणंच असतं, आणि विधवेला ते बरोबर ऐकू येतं. पण त्या ओट्यावर ते मांडून काही पदरात पडणार नव्हतं.

तेवढ्यात भासरे वावरातून आले. मला पाहून दाराशीच थांबले. मी उठून पदर घेतला. जाऊ मध्ये होती, पण मी तिला सांगितलं नाही. मी सरळ म्हटलं, "चुकलं माहं."

माझ्या तोंडून हे शब्द कुणी ऐकले नसतील, नवऱ्यानेही नाही. भासरे पायावर पाणी घेत राहिले. मग जावेला म्हणाले, "तिले सांग, कन्यादानाले येतो. पण ते पान नको माह्यापुढे."

"नाही राहणार," मी म्हटलं. पुन्हा सरळच.

लग्नाच्या दिवशी कन्यादान त्यांनी केलं. मुलीचा हात त्यांच्या हातात असताना ते थोडे वाकले होते, आणि मी मागे उभी होते, त्यामुळे मला त्यांची पाठच दिसत होती. मुलगी रडत होती. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी एकदाही डोळे पुसायला खाली पाहिलं नाही, पुसत बसले असते तर दिसलं नसतं.

मग पंगत. समोरासमोर दोन रांगा, एकीकडे त्यांची माणसं, दुसरीकडे आमची. गुळाचं पायसम, लिंबूभात, भाज्या. वडा कुणाच्याच पानावर नव्हता. त्यांच्या रांगेत पहिली मुलाची आजी बसली होती, पाठ ताठ. पान वाढून झालं, सगळे जेवायला लागले, पण आजीने हात लावला नाही. तिने पानाच्या एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि सुनेकडे पाहिलं. विहीणबाई वाकून तिच्या कानात काही बोलल्या. म्हातारीने ऐकलं, मान हलवली, आणि बोट तिथून उचललंच नाही. चिडलेली नव्हती. काहीतरी राहून गेलंय, आता येईल, अशी वाट पाहत होती.

स्वयंपाकी माझ्यामागे येऊन उभा राहिला. त्याच्या हातात झाकलेलं पातेलं होतं.

"ताई, रागावू नका. थोडीशीच डाळ भिजवली होती. लग्नाचं जेवण करून वडा नाही, माहा हातच चालेना. तुम्ही म्हणान तं वाढतो, नाही तं नेतो परत."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. मग पुन्हा आजीकडे पाहिलं. विहीणबाईंकडे पाहिलं, त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मी पातेलं त्याच्या हातातून घेतलं आणि त्यांच्या रांगेत जाऊन स्वतः वडे वाढले. आजीला पहिला. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तिच्या भाषेत काही म्हणाली. फक्त त्याच रांगेत वाढलं, आमच्या रांगेत एकही नाही. गरम वडे होते, वास सगळ्या मांडवात गेला.

मागे वळले तर समोर भासरे. ते त्या पानांकडे पाहत होते. गोड आणि वडा, एका पानावर, ओळीने. तांदळाची खीर नव्हती, गुळाची होती, पण लांबून कुणाला काय कळतं? जाऊ त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मी पातेलं हातात धरून उभी. ते उठतील असं वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी खाली पाहिलं आणि भात कालवला. दहीभातापर्यंत सगळं जेवले. हात धुतले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, जावयाला जवळ घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही, आणि जावेकडून काही सांगितलंही नाही. चार वाजताच्या बसने गेले.

ते जेवले, म्हणजे त्यांनी समजून घेतलं, असं मुलगी म्हणते. मला तसं म्हणता येत नाही. त्यांना वाटलं असणार, बाईने शब्द दिला, कन्यादान पदरात पाडून घेतलं, आणि मग पातेलं बाहेर काढलं. आगाऊ घेऊन मग माल बदलायचा. मी तसं केलं नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ती म्हातारी होती, दुसरं काही नव्हतं. पण कन्यादान व्हायच्या आधी तिने बोट ठेवलं असतं, तर मी ते पातेलं हातात घेतलं असतं का? हे मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. धंद्यात पदरात पडायच्या आधी मी कधी हात सैल सोडलेला नाही. आधी सौदा पक्का, मग मोठेपणा, हा माझा हिशेबच आहे. मग त्यांनी तसं समजलं तर त्यांचं काय चुकलं?

लग्नानंतर मी सौंसरला चारदा फोन केला. दरवेळी जाऊच उचलते. जेवण चांगलं होतं म्हणाली, ते पातळ पाणी तेवढं कोणाला आवडलं नाही. रसम, मी म्हटलं. हो, तेच, ती म्हणाली. मग मी विचारते, "ते हायत काय?"

"वावरात गेले."

"आले की सांगा, फोन केला होता म्हणून."

"सांगतो."

संत्र्याच्या झाडांना पाणी द्यायचे दिवस आहेत, वावरात काम असतंच, हे मलाही ठाऊक आहे. काल पाचव्यांदा केला. जावेने उचलला आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "वावरात." तिच्या मागे कुणीतरी खोकलं. खोकला मी ओळखला. मी मुलीची खुशाली सांगितली, जरा मोठ्याने सांगितली, आणि फोन ठेवला.